दख्खनी लोकर आणि घोंगडीचे अंथरूण

महाराष्ट्राच्या वस्त्रेतिहासात पैठणी, शेला, महावस्त्र यांना मानाचे स्थान मिळाले आहे. सामान्य माणूस रात्री कशावर निजत असे आणि काय पांघरीत असे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. पठारावरील धनगर, कुणबी, रामोशी अशा मोठ्या जनसमूहापुरते त्याचे उत्तर एका शब्दात देता येते : घोंगडी.

एकोणिसाव्या शतकात दख्खनी मेंढीची लोकर गिरणीच्या मापाने जोखली गेली, तेव्हा ती हलक्या प्रतीची ठरली. ती जाड, केसाळ आणि बहुधा काळी असते. तिचे तलम कापड निघत नाही. पुढे मेरिनो जातीशी संकर करून ती सुधारण्याचे प्रयोगही झाले. हा निर्णय कापडापुरता खरा होता; परंतु ज्या उपयोगासाठी ती शतकानुशतके कातरली जात होती, त्या उपयोगाचा विचार त्यात नव्हता.

तो उपयोग मेंढपाळाच्या दिनक्रमातून समजतो. माण, खटाव, फलटण या कोरड्या मुलखातील धनगर पावसाळा सरल्यावर मेंढ्यांसह कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी पठारावर परततात. शेतात मेंढ्या बसवाव्यात, मोबदल्यात धान्य घ्यावे आणि रात्र उघड्यावर काढावी, असा हा क्रम. अशा माणसाला गादी, रजई, छत्री निरनिराळी बाळगणे परवडणारे नव्हते. एकच घोंगडी खाली अंथरता येई, वर पांघरता येई आणि पावसात तिचीच खोळ करून डोक्यावरून घेता येई.

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना किंचित उष्णता बाहेर टाकते. तंतूंच्या कुरळेपणामुळे कोंडलेली हवा जमिनीचा गारवा अंगापर्यंत पोहोचू देत नाही. ठिणगी पडली तरी लोकर जळत जाते ती सावकाश. शेकोटीजवळ निजणाऱ्यास हा गुण लहान नव्हे. जाड तंतू रोजच्या अंथरण्याने लवकर झिजत नाही. गिरणीने जो दोष मानला, तोच येथे टिकाऊपणाचे कारण होता. घोंगडीने संधिवात बरा होतो, हा समज मात्र प्रमाणावाचूनच राहिला आहे.

विणकरी सनगर आणि खुटेकर यांची. स्त्रियांनी सूत कातावे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी आणि पुरुषांनी खड्डामागावर विणावे, अशी ही श्रमविभागणी होती. संतकवींनी गोपाळकृष्णाच्या खांद्यावर घोंगडी दिली. बोलीने मात्र तिची उणीवही नोंदवून ठेवली. पुरती भिजलेली घोंगडी जड होते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. रेंगाळलेल्या कामास ‘भिजत घोंगडे’ म्हणतात ते या अनुभवामुळेच असावे.

गिरणीची चादर आणि कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट स्वस्त झाल्यावर घोंगडीची मागणी ओसरली. तिच्याबरोबर लोकरीचे मोलही गेले. मेंढी आता प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते. कातरणी टळत नाही, पण लोकरीच्या किमतीतून पुष्कळदा तिची मजुरीही सुटत नाही. कातरलेली लोकर बांधावर टाकून दिलेली दिसते. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीला आज जी मोठी किंमत येते, तिच्या अंगावर तर लोकर नाममात्रच असते.