पालघर जिल्हा : किनारा, डोंगर आणि पाणी

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा ३६वा जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ३० लाख असून एक तृतीयांशाहून अधिक आदिवासी बांधव आहेत. १९९८ साली स्थापन झालेला आपला वसई धर्मप्रांत याच भूमीत नांदतो.

विभाजनाचा हेतू कारभार जनतेजवळ आणणे हा होता. परभणीतून १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सेनगावसारख्या तालुक्याला जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. त्याचप्रमाणे मोखाड्याच्या ग्रामस्थाची ठाण्याची शंभराहून अधिक किलोमीटरची पायपीट पालघरमुळे टळली.

पश्चिमेस झाईपासून वसईच्या खाडीपर्यंत किनारा पसरलेला आहे. सातपाटीचे पापलेट, डहाणू-घोलवडचा चिकू (भौगोलिक मानांकन २०१६) आणि वसईची फुलशेती ही या पट्ट्याची ओळख. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून येथेच आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. तेथील प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारले होते. मात्र २०२३ साली सशर्त अनुमती मिळून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. मासेमारीची हक्काची जागा जाईल, ही मच्छीमार बांधवांची चिंता आहे.

पूर्वेच्या डोंगराळ भागात पाऊस मुबलक पडतो. तरीही मोखाड्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, तर सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते. आपल्या घागरीतील पाण्याचे मूळ कोठे आहे, याचा विचार आपण वसईकरांनी करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

जिल्ह्याचा बहुतांश भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे पेसा कायद्यान्वये (राज्याचे नियम २०१४) भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. गौण वनोपज व लहान जलसाठे यांबाबतही ग्रामसभेस अधिकार आहेत. कचेरी जवळ आली, परंतु ग्रामसभेची गणपूर्ती ग्रामस्थांनीच करावयाची असते. पाणी, जमीन आणि किनारा यांचे निर्णय होतात तेथे आपली उपस्थिती असावी, हीच अपेक्षा.