अनातोलियन संस्कृती संग्रहालय, अंकारा

तुर्कस्तानच्या राजधानीतील हे प्रमुख पुरावस्तुसंग्रहालय अंकारा किल्ल्याच्या दक्षिणेकडील उतारावर, अत्पाझारी या जुन्या पेठेत आहे. पंधराव्या शतकातील दोन जोडवास्तू दुरुस्त करून ते उभे केले. पैकी महमूद पाशा बेदेस्तान हा छतबंद बाजार. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेदचा वजीर महमूद पाशा याने तो १४६४ ते १४७१च्या दरम्यान बांधवला असे मानतात. मधोमध दहा घुमटांचे दालन आणि त्याला वेढून समोरासमोर दुकानांच्या रांगा. अंगोरा बकरीच्या केसांपासून विणलेल्या ‘सोफ’ कापडाचा व्यापार इथे चाले. शेजारची कुर्शुन्लू हान ही चौकाभोवती बांधलेली दुमजली सराय असून आज तिथे कार्यालय व ग्रंथालय आहे. १८८१च्या आगीनंतर दोन्ही वास्तू ओस पडल्या.

हिटाइट संस्कृतीचे संग्रहालय राजधानीत असावे, अशी अतातुर्क यांची इच्छा होती. ही पडकी पेठ त्यासाठी घ्यावी, असे तेव्हाचे सांस्कृतिक संचालक हामित झुबेयर कोशाय यांनी सुचवले. १९३८ मध्ये दुरुस्ती सुरू झाली आणि १९६८पर्यंत चालली. मधले दालन मात्र १९४३ मध्येच लोकांना खुले झाले. १९९७ मध्ये संग्रहालयाला ‘युरोपियन म्युझियम ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला.

मांडणी अश्मयुगापासून कालक्रमाने आहे. चाताल्हुयुक येथे १९६१ मध्ये सापडलेली मातीची आसनस्थ स्त्रीमूर्ती सगळ्यांत प्रसिद्ध. ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची, वीतभर उंचीची. दोन्ही बाजूंना बिबट्यासारखी श्वापदे, त्यांच्यावर तिचे हात टेकलेले. तिचे मस्तक आणि उजव्या हाताखालचे श्वापदाचे डोके नंतर घडवून बसवले आहे, हे ध्यानात ठेवून ती पाहावी. अलाजाहुयुकच्या थडग्यांतील धातूच्या सूर्यचकत्या व हरिणेही इथेच आहेत.

पण या वास्तूला सर्वांत शोभणारा विभाग कुल्तेपेचा आहे. प्राचीन कानेश ते हेच. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी अश्शूर नगरीचे व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि कापड लादून इथे येत आणि सोने-चांदी घेऊन परतत. त्यांचा हिशेब क्यूनिफॉर्म लिपीत मातीच्या पाट्यांवर उतरला. बऱ्याच पाट्या तळहातावर मावतील एवढ्याच आहेत. अक्षरे बारीक, ओळी कडेवरून वळून मागच्या बाजूवर गेलेल्या. कर्जरोखा असेल तर पाटीवर मातीचेच पाकीट चढवीत, त्यावर मजकूर पुन्हा लिहून साक्षीदारांच्या मुद्रा उमटवीत. बाहेरच्या मजकुराबद्दल वाद उभा राहिला, तर पाकीट फोडून आतला दस्त पाहता येई. काही पाकिटे आजही जशीच्या तशी आहेत. अश्शूरमध्ये घरी राहून कापड विणणाऱ्या बायकांची नवऱ्यांना लिहिलेली पत्रेही या दप्तरात आहेत. पाठवलेल्या मालाचे पैसे आले नाहीत, ही त्यांतली नेहमीची तक्रार. कापडपेठेत कापडाचाच हा पत्रव्यवहार वाचायला मिळावा, इतका नेमका मेळ क्वचितच साधतो.

हिटाइट विभागात बोगाझकोय, म्हणजे राजधानी हत्तुशा, येथील बैलांच्या आकाराची मृत्पात्रे आहेत. १९८६ मध्ये तिथे सापडलेला काशाचा तहपटही इथे आहे. राजा चौथा तुधालिया आणि कुरुंता यांच्यातला हा करार. बोगाझकोय हे नाव आपल्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तिथेच सापडलेल्या, इ.स.पू. चौदाव्या शतकातील हिटाइट-मितानी तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावले आहे.

घुमटांखालच्या दालनात कार्केमिश, अस्लानतेपे आदी ठिकाणची उत्थित शिल्पे आहेत. गोर्दियन येथील टेकडीएवढ्या थडग्यातून १९५७ मध्ये निघालेले फ्रिजियन लाकडी सामान मात्र घाईत निसटू देऊ नये. लाकडात लाकूड जडवलेली नक्षी अडीच हजारांहून अधिक वर्षे टिकलेली दुसरीकडे फारशी पाहायला मिळत नाही. किल्ल्याकडून येणारा रस्ता चढउताराचा आहे. दगडी शिल्पे शेवटी ठेवून आधी भोवतालचे विभाग पाहिल्यास कालक्रम सहज ध्यानात येतो.