दोन शेराला एक पैसा

एनजीओ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? प्रपोजल, फंडिंग आणि वर्षाअखेरीचा गुळगुळीत कागदावरचा रिपोर्ट. आज जरा वाईतल्या एका चिमुकल्या संस्थेचा जमाखर्च बघू. भांडवल शून्य.

१९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन निघाले. प्रकृती सुधारायची होती, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे (हेच पुढचे केवलानंद सरस्वती) वेदान्त शिकायचा होता. पण हा माणूस नुसता शिकत बसणारा थोडाच! त्यांनी तिथे 'विद्यार्थी मंडळ' काढलं आणि त्याला जोडून वाचनालय. वाचनालय म्हणजे खर्च आलाच. मग पावतीपुस्तक घेऊन दारोदार? छे. विनोबा धरून पंधरा जण जात्यावर बसले. गिरणीत जाणारं दळण आपण घ्यायचं, दर दोन शेराला एक पैसा, आणि मिळकत वाचनालयाला. वाई पडली जुन्या वळणाची, त्यात ही मुलं हायस्कुलात जाणारी, ब्राह्मणांच्या घरची. लोकांनी वेड्यात काढलं. तरी दोनेक महिने हे चाललं आणि वाचनालयात ४०० पुस्तकं जमली.

आता सवयीप्रमाणे थोडं गणित. जुन्या रुपयाचे पैसे ६४, म्हणजे एका रुपयासाठी १२८ शेर दळायचं. समजा, प्रत्येकाने रोज दोन शेर दळलं. दिवसाला १५ पैसे, दोन महिन्यांत ९००. म्हणजे जेमतेम १४ रुपये! दुप्पट दळलं तरी २८. एवढ्यात ४०० पुस्तकं विकत घेणं अवघडच. माझा तर्क असा, की बरीचशी पुस्तकं लोकांनीच दिली असणार. हसणाऱ्या गावाने पोरांचा घामही पाहिला होता ना!

फेब्रुवारी १९१८ मध्ये विनोबांनी गांधीजींना पत्रातून वर्षाचा हिशोब दिला. काय शिकलो, किती चाललो, काय खाल्लं, वाचनालयाचं काय झालं, सगळं. गांधीजी म्हणाले, गोरखने मच्छिंद्राला हरवलं!

२०१३ च्या कंपनी कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. तुम्ही-आम्हीही देणगी देऊन करसवलतीची पावती जपून ठेवतो. त्यात वाईट काही नाही, त्या पैशांशिवाय संस्था चालायच्या नाहीत. पण पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला, की रकमेच्या आधी एवढं बघा: इथे जातं कोण ओढतंय?