‘कॅप्टन व्योम’चें पुनर्दर्शन

१९९८ सालीं दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही हिंदी मालिका सुरू झाली, तेव्हां जीं मुलें दहा-बारा वर्षांचीं होतीं तीं आतां चाळिशीच्या आसपास आलीं आहेत. त्यांच्यापुढें त्या मालिकेचें नांव काढावें, कीं मुद्रेवर आधीं हर्ष आणि मागोमाग संकोच उमटतो. हर्षाचें कारण सांगावयास नको. संकोच मात्र आम्हांस अस्थानीं वाटतो. निदान ज्या कारणासाठीं ही मंडळी संकोचतात तें कारण खरें नव्हे, आणि जें खरें वैगुण्य आहे त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. हा मुद्दा मनांत धरून आम्हीं ती मालिका नुकतीच पुन्हां पाहिली.

कथा थोडक्यांत अशी : काळ इसवी सन २१२३. साऱ्या मानवजातीचें एकच राज्य झालेलें असून ‘विश्वप्रमुख’ हा त्याचा अधिपति. ही भूमिका टॉम ऑल्टर यांची. गुरूच्या एका उपग्रहावरील तुरुंगांतून बारा महाभयंकर गुन्हेगार निसटतात, आणि त्यांना पुन्हां जेरबंद करण्याची कामगिरी कॅप्टन व्योम याजवर, म्हणजे मिलिंद सोमण यांजवर, येऊन पडते. एक गुन्हेगार हातीं आला न आला तों दुसऱ्याचा माग. वेताळपंचविशी ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे त्यांना ही बांधणी अपरिचित वाटूं नये. दिग्दर्शक केतन मेहता. ‘भवनी भवाई’ (१९८०) आणि ‘मिर्च मसाला’ हे चित्रपट ज्यांनीं निर्माण केले तेच हे गृहस्थ, ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. लोकनाट्याचा उघडावाघडा बाज ज्यास प्रिय, त्यानें अंतराळांतही तोच मांडला तर नवल तें काय?

नेहमीं घेतला जाणारा आक्षेप असा, कीं यानें खेळण्यांसारखीं दिसतात आणि संगणकावर रंगविलेले देखावे आजच्या डोळ्यांस बाळबोध वाटतात. आक्षेप खरा आहे, पण तो क्षुल्लक आहे. आणि नाशिककरांनीं तर तो घेऊंच नये. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर नाशकास आले, आणि पुढील कित्येक वर्षें देवादिकांचे चमत्कार याच गांवीं घडत राहिले. ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नांवानें जादूचे खेळ करणारा हा पुरुष. पण ‘हरिश्चंद्रा’च्या आधीं त्यानें वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडथोडी टिपून तिचा एक लहानसा चित्रपट केला होता. म्हणजे शास्त्रज्ञाची चिकाटी आणि गारुड्याची हातचलाखी एकाच देहीं नांदत होती. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनीं केल्या. रामाची मूर्ति पडद्यावर दिसतांच प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवीत, असें सांगतात. तोच नट मघां सीता झाला होता, हें का त्यांना ठाऊक नव्हतें? शिवण दिसते म्हणून वस्त्र टाकून द्यावें, इतका तो प्रेक्षक अरसिक नव्हता. व्योमच्या बालप्रेक्षकांनीं तीच रसिकता दाखविली; त्यांत लाजण्याजोगें कांहींही नाहीं.

मग उणें कोठें आहे? तें पाहण्यासाठीं फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटाकडे, नाशकांत झालेल्या ‘मोहिनी भस्मासुरा’कडे वळावें. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म, असा वर असुरास मिळतो. आणि मोहिनी त्याला नाचतां नाचतां स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवावयास लावते. चमत्कार आहे, परंतु त्याला नियम आहे. आणि सारें नाट्य त्या नियमांतूनच उपजतें. हिरण्यकशिपूचेंही तसेंच. आमच्या पुराणांत विनाअट वर सहसा मिळत नाहीं. पुराणांतील वराच्या अटीचें जें काम, तेंच विज्ञानकथेंत निसर्गनियमाचें. व्योमच्या जगांत असा नियमच नाहीं. अडचण आली कीं नवें यंत्र निघतें. आणि शास्त्रीय नांव दिलें, कीं यंत्रास सारें कांहीं शक्य!

एक उदाहरण घेऊं. गुरु आणि पृथ्वी यांमधील अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारें ३५ ते ५२ मिनिटें लागतात. पृथ्वीवरून विश्वप्रमुखानें तुरुंगाधिकाऱ्यास प्रश्न विचारला, तर उत्तर येण्यास तासाहून अधिक वेळ जाणार. आतां कल्पना करावी : ‘कैदी पळत आहेत’ हा संदेश येथें पोंचतो तेव्हां कैदी पळून गेलेले असतात, ‘दरवाजे बंद करा’ ही आज्ञा तेथें पोंचते तेव्हां बंद करावयास आंत कोणी उरलेलें नसतें. एवढी सामर्थ्यवान विश्वसत्ता, आणि तिची प्रत्येक आज्ञा शिळी! यापरतें नाट्य कोणतें हवें होतें? मालिकेनें हें अंतर सोयीसाठीं पुसून टाकलें, आणि तेथेंच हातचें धन गमावलें. गुरूची चाल घाईची नाहीं, हें आमच्या गांवीं शिकवावें लागत नाहीं. सूर्याभोवतीं फिरण्यास त्याला बारा वर्षांहून किंचित् कमी काळ लागतो, आणि तो सिंह राशीस आला म्हणजे गोदाकांठीं लाखो माणसें जमतात : २००३ सालीं, २०१५ सालीं, आणि त्यानंतर २०२६-२७ चा सिंहस्थ. मालिकेंतील बारा गुन्हेगार आणि गुरूचीं बारा वर्षें यांचा मेळ लेखकांस सुचला होता किंवा कसें, देव जाणे.

नियम पाळून काय साधतें, याचा दाखला डॉ. जयंत नारळीकर यांचा. २०२१ च्या डिसेंबरांत नाशकास भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळें त्यांना स्वतः येतां आलें नाहीं, आणि २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. (त्यांनींही पहिली विज्ञानकथा स्पर्धेस पाठवितांना आद्याक्षरें उलटीं करून ‘नारायण विनायक जगताप’ हें नांव घेतलें होतें. केळफा आणि जगताप हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.) त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेंत पृथ्वीवर आदळूं पाहणारा धूमकेतु शास्त्रज्ञ हिशेब करून वळवितात, परंतु ज्यानें तो शोधला त्या दत्तबाबूंच्या घरीं शांतिहोम होतो, आणि संकट टळल्याचें श्रेय घरची मंडळी त्या होमास देतात. येथें दुष्ट कोणी नाहीं, आणि बंदुकीचा एक बारही नाहीं. आकाशांतील गणित बिनचूक सुटतें. घरांतलें सुटत नाहीं.

तरीपण नारळीकरांचीं माणसें पुष्कळदां फळ्यावर काढलेल्या आकृतींसारखीं वाटतात, हेंही सांगितलें पाहिजे. दत्तबाबू होण्याचा खेळ कोणा मुलानें अंगणांत मांडल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. व्योम होऊन जिन्यावरून उड्या टाकणारीं मुलें मात्र त्या वर्षीं आमच्या आळींत पांच-सहा तरी होतीं, आणि विश्वप्रमुख व्हावयास त्यांतलें एकही तयार नसे.