निदानापूर्वीचा साक्षीदार : ऑगस्टे डेटर प्रकरणातील पतीचे निवेदन (१९०१–१९०६)

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासलेखनात दीर्घकाळ डॉक्टर, त्यांचे शोध आणि त्यांच्या संस्था यांनाच मध्यवर्ती स्थान मिळत आले. हा इतिहास रुग्णाच्या बाजूनेही लिहिला गेला पाहिजे, अशी मांडणी ब्रिटिश इतिहासकार रॉय पोर्टर यांनी १९८५ मध्ये केली आणि अभ्यासाची दिशा काही अंशी बदलली. तथापि, रुग्णाशेजारी आणखी एक व्यक्ती असते. आजाराला नाव मिळण्यापूर्वी ती तो घरात पाहते, त्याचा अर्थ लावू पाहते आणि उत्तरासाठी डॉक्टरांचे दार ठोठावते. बहुतेक वेळा ही व्यक्ती म्हणजे रुग्णाचा पती किंवा पत्नी असते. 'अल्झायमर' या नावाने आज सर्वपरिचित असलेल्या आजाराच्या पहिल्या नोंदीत अशा जोडीदाराचे स्थान काय होते, आणि त्याच्या निवेदनाकडे ऐतिहासिक साधन म्हणून कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरातील बदल

ऑगस्टे डेटर यांचा जन्म १८५० मध्ये जर्मनीतील कासेल येथे झाला. १८७३ मध्ये त्यांचा विवाह रेल्वेत कारकून असलेल्या कार्ल डेटर यांच्याशी झाला. फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या या दाम्पत्याला एक मुलगी होती. १९०१ मध्ये ऑगस्टे यांच्या वागण्यात ठळक बदल दिसू लागला. त्याचे पहिले लक्षण विस्मरण नव्हते, तर पतीविषयीचा संशय होता. त्यानंतर स्मृती झपाट्याने खालावली. स्वयंपाकात चुका होऊ लागल्या. स्वतःच्या घरात वाट कळेनाशी झाली. वस्तू इकडून तिकडे नेणे व लपवून ठेवणे, आपल्याला कोणी ठार मारणार आहे असे वाटून मोठ्याने ओरडणे, असे प्रकार सुरू झाले.

कुटुंबाच्या डॉक्टरांनी स्मृतिक्षीणता, छळ होत असल्याचा भ्रम, निद्रानाश व अस्वस्थता यांची नोंद करून त्यांना मनोरुग्णालयात दाखल करण्याची शिफारस केली. ही नोंद लक्षणांची यादी होती. हे सारे कशामुळे घडते आहे, या पतीच्या प्रश्नाचे उत्तर तीत नव्हते. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ऑगस्टे यांना फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५१ वर्षे होते.

वयाचा प्रश्न

या प्रकरणातील खरी अडचण वयाची होती. उतारवयातील बुद्धिभ्रंश तत्कालीन समाजाला आणि वैद्यकाला अपरिचित नव्हता. आपल्या भाषेतही 'म्हातारचळ' हा शब्द आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण रूढ आहे. अशा शब्दांमुळे आजाराचे निदान होत नाही, पण कुटुंबाला एक स्पष्टीकरण मिळते आणि प्रश्न विचारण्याची गरज संपते. एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत हे स्पष्टीकरण लागू पडत नव्हते. मध्यम वयातील बुद्धिनाशाचे त्या काळी सर्वपरिचित कारण म्हणजे उपदंशातून उद्भवणारा मेंदूचा विकार. उपदंश ओळखणारी वासरमन यांची रक्तचाचणी १९०६ मध्ये पुढे आली. तोपर्यंत निदानाचा मुख्य आधार रुग्णाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत हाच होता.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे यांची तपासणी केली आणि प्रश्नोत्तरे शब्दशः नोंदवली. नाव, आडनाव आणि पतीचे नाव या तिन्ही प्रश्नांना रुग्णेने 'ऑगस्टे' हेच उत्तर दिले. नाव लिहिण्यास सांगितले असता संबोधनापुढे त्यांना लिहिता आले नाही. अठ्ठावीस वर्षांच्या सहजीवनानंतर पत्नीच्या स्मृतीतून पतीचे नाव नाहीसे झाले होते, हे या प्रश्नोत्तरांतून स्पष्ट दिसते.

पतीच्या निवेदनाची साधनचिकित्सा

आजाराची पूर्वपीठिका डॉक्टरांना मुख्यतः पतीकडून समजली. या साधनाचे मूल्यमापन करताना दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, साक्षीदार हाच आरोपीही होता. ऑगस्टे यांचा संशय पतीवर होता आणि त्याचा वृत्तान्त डॉक्टरांपर्यंत पतीच्याच तोंडून पोहोचला. दुसरी बाब सामाजिक आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात पतीच्या सांगण्यावरून स्त्रियांना मनोरुग्णालयात डांबल्याच्या घटना इतिहासकारांनी नोंदवल्या आहेत. त्यामुळे पत्नी भ्रमिष्ट झाल्याचे सांगणाऱ्या पतीचे निवेदन जसेच्या तसे स्वीकारणे इतिहासाच्या अभ्यासकाला शक्य नसते.

परंतु येथे त्या निवेदनाला स्वतंत्र पुरावा उपलब्ध आहे. रुग्णालयातील प्रश्नोत्तरांत स्मृतिनाश पतीच्या अनुपस्थितीतही दिसून आला. ८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे यांचे निधन झाले. अल्झायमर १९०३ मध्येच फ्रँकफर्ट सोडून पुढे म्युनिकला गेले होते. फ्रँकफर्टचे संचालक एमिल सिओली यांनी कागदपत्रे व मेंदू त्यांच्याकडे पाठवला. चांदीच्या क्षारांचा वापर करणाऱ्या, त्या काळी नव्या असलेल्या रंजनपद्धतीने तपासणी केली असता मेंदूच्या बाह्यस्तरात पेशींमधील तंतूंचे गुंते आणि विशिष्ट पदार्थाचे साठे आढळले. जोडीदाराने घरात पाहिलेल्या बदलांना असे भौतिक अधिष्ठान मिळाले. याचा अर्थ कार्ल यांचा प्रत्येक शब्द सिद्ध झाला असा नव्हे. मात्र त्यांनी ज्या ऱ्हासाचे वर्णन केले तो वैवाहिक कलह नव्हता, एवढे निश्चित झाले.

उत्तर कोणाला मिळाले?

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील मानसोपचारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे प्रकरण मांडले. त्यावर चर्चा झाली नाही. १९०७ मध्ये संक्षिप्त लेख प्रसिद्ध झाला. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. कार्ल डेटर यांनी डॉक्टरांपुढे ठेवलेल्या प्रश्नाला नाव मिळेपर्यंत नऊ वर्षे लोटली होती आणि ऑगस्टे यांच्या निधनास चार वर्षे झाली होती.

हे नावही दीर्घकाळ अपुरेच ठरले. ते प्रामुख्याने मध्यम वयातील दुर्मीळ आजारापुरते वापरले गेले. वृद्धांमधील बुद्धिभ्रंशाचा मोठा भाग हाच आजार असल्याचे मत रॉबर्ट कात्झमन यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडले. त्यानंतर 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलेल्या असंख्य वृद्धांच्या स्थितीकडे आजार म्हणून पाहण्याचा मार्ग मोकळा झाला. मूळ प्रकरणही बंद झालेले नव्हते. १९९५ मध्ये कोनराड माउरर व त्यांच्या सहकाऱ्यांना फ्रँकफर्ट येथे ऑगस्टे यांची हरवलेली फाईल सापडली. १९०६ नंतर जपलेले मेंदूचे छेदही पुढे म्युनिकमध्ये मिळाले. २०१३ मध्ये त्यांतून एक जनुकीय बदल आढळल्याचे जाहीर झाले. २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकगटाला तो आढळला नाही. म्हणजे नाव सापडले, तरी या विशिष्ट स्त्रीला इतक्या लवकर हा आजार का झाला, या प्रश्नाचा निर्णायक निकाल शंभर वर्षांनंतरही लागलेला नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, निदान हा एका डॉक्टरने एका क्षणी दिलेला निर्णय नसून उपलब्ध तंत्र, रूढ वर्गवारी आणि साक्षी यांतून घडणारी ऐतिहासिक प्रक्रिया आहे. १९०१ मध्ये उत्तर न मिळणे हे केवळ कुटुंबाच्या डॉक्टरांचे अपयश नव्हते. ते उत्तर देणारी चौकटच तेव्हा अस्तित्वात नव्हती. दुसरा, जोडीदाराचे निवेदन हे प्राथमिक साधन मानून त्याला अन्य साधनांप्रमाणेच चिकित्सेची कसोटी लावली पाहिजे. ते दुर्लक्षिणे आणि निमूटपणे स्वीकारणे, या दोन्ही गोष्टी इतिहासाला घातक आहेत. तिसरा निष्कर्ष वर्तमानाशी निगडित आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या प्रतिमातंत्रामुळे मेंदूतील हे साठे जिवंतपणी पाहणे शक्य झाले. तरीही तपासणीपर्यंत रुग्णाला आणण्याचे काम आजही घरातील माणसालाच करावे लागते, आणि 'वय झाले' किंवा 'स्वभाव बदलला' ही उत्तरे आजही त्याची वाट अडवतात.

अल्झायमर यांचे नाव आजाराला मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस फाईल सापडल्यानंतर 'ऑगस्टे डी.' या आद्याक्षरामागील स्त्रीचीही जगाला ओळख झाली. त्या फाईलमध्ये कार्ल डेटर मात्र केवळ माहिती पुरवणारा म्हणून येतात. रुग्णाच्या बाजूने इतिहास लिहिताना अशा साक्षीदारांसाठीही जागा करणे, हे या क्षेत्रातील अभ्यासकांपुढील आवश्यक कार्य आहे.