बियाण्याचे पोते

नगरचा भुईकोट किल्ला आपण अनेकदा पाहिला असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईस अटक झालेले काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद याच किल्ल्यात बंदिवासात होते. ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे त्यांनी येथेच लिहिली. पुढे १९४७ पासून १९५८ मध्ये निधन होईपर्यंत ते देशाचे शिक्षणमंत्री होते.

तो काळ सुबत्तेचा नव्हता. फाळणीचे निर्वासित होते, धान्याची टंचाई होती. “आधी पोट, मग पदवी” असे म्हणून हात आखडणे सोपे होते. तरीही १९५१ मध्ये खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली, १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला आणि १९५६ मध्ये त्यास कायद्याचा आधार लाभला.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे. साठीच्या दशकातील अन्नटंचाईनंतर १९६८ मध्ये राहुरीस कृषी विद्यापीठ निघाले. १९७२ च्या दुष्काळी वर्षातही शासनाने परभणी व दापोली येथे आणखी दोन कृषी विद्यापीठे काढली. राहुरीने ‘फुले यशोदा’, ‘फुले वसुधा’ या रब्बी ज्वारीच्या जाती आणि ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय दिली. हे एका वर्षाच्या अंदाजपत्रकात उगवणारे पीक नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचविले. ते उद्दिष्ट आजवर गाठले गेले नाही. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली. जागा वाढल्या हे खरे. पण खर्चाचा भार फीच्या रूपाने पालकांवर आला. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली, मौलानांच्याच नावाची अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली. इतर योजनांशी ती समांतर असल्याचे कारण शासनाने दिले. परंतु गरीब घरच्या संशोधकाचा एक आधार गेला, हे नाकारता येत नाही.

देणग्यांतून इमारत उभी राहील, वसतिगृहही चालेल. पण प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि वर्षानुवर्षांचे संशोधन यांचा भार केवळ देणगीला पेलणार नाही. म्हणून आपण देणगी अवश्य द्यावी. मात्र शासनाकडील हक्काची मागणीही सोडू नये.

काटकसर वाईट नाही. परंतु आपल्या अवर्षणी मुलखातला शेतकरी एक वेळ उपाशी झोपतो, बियाण्याच्या पोत्याला हात लावत नाही. त्याचे हे शहाणपण राज्यकर्त्यांनीही घ्यावे.