कबुलीची पहिली पायरी

सन १९३५ चा मे महिना. अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन हॉटेलांत एकटाच उभा होता. व्यवहार फसलेला, शेजारच्या मद्यगृहांतून हास्यविनोद ऐकूं येत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पांच महिने झाले होते. आंत शिरण्याऐवजीं त्यानें टेलिफोन उचलला. त्याला आपल्यासारखाच एखादा मद्यपी भेटावयास हवा होता.

अशा रीतीनें त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्यांशीं गांठ पडली. दारूचे दुष्परिणाम डॉक्टरांना कोणीं शिकवावे? विल्सननें उपदेश केलाच नाहीं. स्वतःची दुर्दशा तेवढी सांगितली. पंधरा मिनिटांसाठीं आलेले डॉक्टर सहा तास बसले. पुढें एकदां त्यांचा पाय घसरला. परंतु १० जून १९३५ नंतर, १९५० सालीं मृत्यु येईपर्यंत, त्यांनीं मद्यास स्पर्श केला नाहीं.

हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा जन्मदिन मानला जातो. संघाच्या १९३९ च्या ग्रंथांत बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली निश्चयाची नव्हे, कबुलीची आहे: दारूपुढें आपलें कांहीं चालत नाहीं. ‘मनांत आणीन तेव्हां सोडीन’ म्हणणारा एकटाच बुडतो. ‘माझ्यानें सुटत नाहीं’ म्हणणाऱ्यालाच दुसऱ्याचा हात धरतां येतो.